रविवारची गुप्ती: काठीच्या वेषातला गोल्फ क्लब ओळखायचा कसा

घरात लांब दांड्याची, वाकड्या मुठीची जुनी छत्री असेल तर आधी ती घेऊन या. तीन घड्यांची नको, आजोबा टाइप पाहिजे. आता ती उलटी धरा, म्हणजे टोक हातात आणि मूठ जमिनीकडे, एक कागद चुरगाळून त्याचा बॉल करा आणि हळूच मुठीने फ्रिजच्या दिशेने ढकला. बारीक टोक हातात नीट बसत नाही, सटकतं, आणि खालची मूठ थोडी जड असेल तर झोका आपोआप येतो. आणि मधेच दारातून कोणी आलं तर? मनगट फिरवलं की छत्री सरळ, तुम्ही आपले बाहेर निघायच्या तयारीत उभे.

संडे स्टिक म्हणजे एवढंच. हिला सॅबथ स्टिक पण म्हणतात, शब्बाथाची काठी, शब्बाथ म्हणजे ख्रिश्चनांचा देवासाठी राखलेला विश्रांतीचा वार, इथे रविवार. दिसायला फिरायला जायची काठी पण मूठ म्हणजे खरं तर गोल्फ क्लबचं, म्हणजे बॉल मारायच्या दांड्याचं, छोटं डोकं, चालताना ते तळहाताखाली आणि कोणी बघत नसलं की काठी उलटी, खिशातला बॉल गवतावर, टक. आपल्याकडे काठीत लपवलेल्या तलवारीला गुप्ती म्हणतात ना, तर ही गोल्फवाल्यांची गुप्ती. फरक इतकाच की गुप्तीत पातं आत लपवलेलं असतं आणि बाहेर ओढावं लागतं, इथे आत काहीच नाही, सगळं उघड्यावर आहे, फक्त उलटं आहे.

मी या नादाला लागलो ते एका चुकीच्या खरेदीमुळे. मुंबईतल्या एका जुन्या बाजारात पितळी मुठीची काठी दिसली, मूठ गोल्फ क्लबच्या आकाराची, दुकानदार म्हणाला इंग्रज साहेबाची आहे, शंभर वर्षं जुनी, मी पण लगेच साहेब झालो आणि घेतली. घरी आल्यावर बायकोने ती हातात घेतली, सहज फिरवली आणि तिचे तीन तुकडे झाले. तुटली नव्हती, स्क्रूचे आटे होते. तीन तुकड्यांत उघडून पिशवीत मावणारी शोपीस काठी, असल्या आजही धडाधड बनतात. त्यानंतर मी नीट शिकलो, आणि तुम्ही नवीन असाल तर ज्या क्रमाने मी शिकायला हवं होतं त्या क्रमाने सांगतो.

आधी रविवार समजून घ्या, काठी नंतर

ही पायरी लोक गाळतात आणि मग कोणीही काहीही विकून जातं. इंटरनेटवर एक गोष्ट सारखी फिरते की स्कॉटलंडच्या राजाने गोल्फवर बंदी घातली आणि म्हणून लोकांनी काठ्या बनवल्या. यात दोन वेगवेगळ्या बंद्यांची खिचडी आहे.

पहिली बंदी राजाची. १४५७ साली दुसऱ्या जेम्सच्या पार्लमेंटने फुटबॉल आणि गोल्फ दोन्ही बंद करायचा कायदा केला, कारण लोकांनी धनुष्यबाणाचा सराव करावा, इंग्लंडशी कधी जुंपेल सांगता येत नव्हतं. १४७१ आणि १४९१ मध्ये परत तेच फर्मान काढावं लागलं, म्हणजे ऐकत कोण होतं ते कळतंच. यात रविवारचा, धर्माचा काही संबंध नाही. मजा अशी की १५०२ मध्ये इंग्लंडशी तह झाला आणि त्याच वर्षी चौथ्या जेम्सने, म्हणजे ज्याच्या राज्यात शेवटची बंदी निघाली त्यानेच, स्कॉटलंडमधल्याच पर्थ गावातल्या एका धनुष्य बनवणाऱ्याकडून गोल्फचे क्लब विकत घेतल्याची नोंद खजिन्याच्या हिशोबात आहे. धनुष्य वाचवायला बंदी, आणि क्लब कोणाकडून, तर धनुष्यवाल्याकडूनच.

दुसरी बंदी चर्चची, आणि आपली काठी हिच्या पोटातून येते. १५६० मध्ये स्कॉटलंडमध्ये प्रोटेस्टंट चर्च आलं आणि त्यांनी रविवार फार कडक केला, तो दिवस देवाचा, काम नाही आणि करमणूक पण नाही. लक्षात घ्या, गोल्फ वाईट असं कोणी म्हणत नव्हतं, रविवारचा गोल्फ वाईट. १५९२ मध्ये एडिंबराच्या नगर कौन्सिलने शब्बाथाच्या दिवशी गोल्फ बंद केला. प्रत्येक गावात चर्चची एक पंच कमिटी असायची, कर्क सेशन म्हणतात तिला, ती लोकांना बोलावून जाब विचारायची. १५९९ मध्ये गोल्फसाठी प्रसिद्ध सेंट अँड्र्यूज गावच्या कमिटीने तर स्वतःच्याच सदस्यांसाठी रेटकार्ड ठरवलं, कमिटीची बैठक सोडून गोल्फ खेळताना पहिल्यांदा सापडलात तर १० शिलिंग, दुसऱ्यांदा २०, तिसऱ्यांदा सगळ्यांसमोर पश्चात्ताप आणि चौथ्यांदा हातातलं पद गेलं. १६०४ मध्ये पर्थला नॉर्थ इंच नावाच्या मैदानावर प्रवचनाच्या वेळी खेळणारे सापडले, त्यांना पण दंड भरून चर्चमध्ये पश्चात्तापाच्या बाकावर बसावं लागलं, सगळं गाव बघतंय आणि तुम्ही मान खाली घालून समोर. वाळीत नाही टाकलं इतकंच.

आता इथे खरी मेख आहे. हे सगळं १५००-१६०० सालातलं. पण आज ज्या संडे स्टिक बघायला मिळतात त्या बहुतेक १८८० ते १९२० च्या आसपासच्या. मधली तीनशे वर्षं कुठे गेली? म्हणून कोणी सांगितलं ना की ही सोळाव्या शतकातली काठी आहे, तर हसून पुढे जायचं.

मग काठ्या १८८० नंतरच का

तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणून.

एक बॉल. १८४८ च्या आधी बॉल म्हणजे चामड्याच्या पिशवीत उकडलेली पिसं कोंबून शिवलेला, कारागीर दिवसभर राबून तीन-चार बनवायचा, महाग, आणि भिजला की संपला. १८४८ ला गटापर्चाचा बॉल आला, मलायातल्या झाडाच्या चिकापासून बनवलेला, तो गरम पाण्यात मऊ करून साच्यात दाबला की झाला. स्वस्त झाला, खिशात टाकून फिरावं असा झाला. नंतर रेल्वे आली, गोल्फ खेळायच्या संस्था वाढल्या, आणि १८८० नंतर तर कारकून, डॉक्टर, दुकानदार सगळेच गोल्फवाले झाले. त्यांना आठवडाभर काम, शनिवार अर्धा, आणि मोकळा दिवस एकच, तोच नेमका देवाचा.

दोन, तो रविवार अजून तसाच कडक होता, उलट व्हिक्टोरिया राणीच्या काळात जास्तच. १८५३ च्या कायद्याने स्कॉटलंडमधले दारूचे गुत्ते रविवारी बंद झाले, फक्त खराखुरा प्रवासी असेल तर हॉटेलात मिळायची (म्हणजे लोक रविवारी प्रवासी व्हायला लागले हे वेगळं सांगायला नको). २८ डिसेंबर १८७९ ला टे नदीवरचा रेल्वे पूल वादळात कोसळला आणि गाडी नदीत गेली, तो रविवार होता, आणि काही पाद्री उघड म्हणाले की रविवारी गाड्या चालवता म्हणून देवाने शिक्षा केली. हा पूल सेंट अँड्र्यूजपासून जवळच. १८८३ च्या जूनमध्ये स्ट्रोम फेरी बंदरात लोकांनी रविवारी मासळी गाडीत भरू दिली नाही, चक्क दंगल झाली. अशा वातावरणात रविवारी क्लबांची पिशवी खांद्यावर टाकून कोण निघेल सांगा.

तीन, मैदान. लिंक्स म्हणजे समुद्राकाठची वाळूची, गवताची पडीक जमीन, शेतीला निरुपयोगी आणि सगळ्या गावाची. सेंट अँड्र्यूजच्या लिंक्सवर गावकऱ्यांना गोल्फ खेळायचा हक्क १५५२ च्या आर्चबिशपच्या सनदेतच मान्य केलेला आहे, आणि तिथून फिरायला जाणं, पलीकडे समुद्रावर जाणं हे पण कायमचंच. म्हणजे रविवारी दुपारी काठी घेऊन लिंक्सवर चालणारा सद्गृहस्थ हे अगदी नॉर्मल दृश्य. त्या काळात काठीशिवाय सभ्य माणूस घराबाहेर पडतच नव्हता. म्हणून वेष काठीचाच घेतला, दुसऱ्या कशाचा घेऊन चाललं नसतं.

सापही मरावा आणि काठीही मोडू नये म्हणतात ना, इथे तर काठीच कामाला आली. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही खरं तर, एकादशी दुप्पट खाशी म्हणणारे आपण.

थोडं विषयांतर, पण मला हे फार आवडतं. जेव्हा तिकडे लोक रविवारी खेळता येत नाही म्हणून काठ्या उलट्या करत होते त्याच काळात इकडे मुंबईत गिरणी कामगारांना रविवारच मिळत नव्हता. नारायण मेघाजी लोखंडेंनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली, त्यात एक मुद्दा असा की रविवार हा खंडोबाचा वार, आणि १० जून १८९० ला सुट्टी मान्य झाली. एकाच साम्राज्यात एकाच वाराचे दोन प्रॉब्लेम.

आता काठी हातात घ्या, पण डोक्याकडे बघू नका

नवीन माणूस आधी डोकं बघतो, कारण तेच छान असतं. विकणारा पण त्याचेच फोटो टाकतो. तुम्ही दांडा बघा. गोल्फ क्लबचा दांडा हातात धरायच्या बाजूला जाड आणि डोक्याकडे बारीक होत जातो, त्यानेच त्याला लवचिकपणा येतो. काठीचं बरोबर उलटं, मुठीजवळ जाड आणि जमिनीकडे निमुळती. संडे स्टिक मुळातच काठी म्हणून बनवलेली असते, त्यामुळे बहुतेकदा डोक्याच्या खाली जाड आणि टोकाला बारीक. तुमच्या समोरची काठी डोक्यापाशी बारीक आणि टोकाला जाड असेल तर तो कोणीतरी जुना क्लब कापून, त्याला खाली शेंबी, म्हणजे टोकाची टोपी, ठोकून केलेला जुगाड आहे. जुगाड वाईट असं नाही, क्लब खरोखर जुना असू शकतो, पण ती संडे स्टिक नाही आणि तिची किंमत पण तशी देऊ नका.

ऑनलाइन घेत असाल तर विक्रेत्याला साधा प्रश्न विचारा, डोक्याच्या एक इंच खाली जाडी किती आणि शेंबीच्या एक इंच वर किती. जो उत्तर देत नाही त्याच्याकडून घ्यायची नाही. लांबी साधारण ३४ ते ३७ इंच असते, काठीची असते तेवढीच, घेणाऱ्याच्या उंचीप्रमाणे कापलेली. दांड्यावर चामड्याची ग्रिप गुंडाळलेली असेल तर मग लपवलं काय?

लाकूड बहुतेक हिकरीचं. हे अमेरिकेतलं झाड, अक्रोडाच्या कुळातलं, चिवट आणि स्प्रिंगसारखं, स्कॉटलंडमध्ये क्लबसाठी ते एकोणिसाव्या शतकात आलं, त्याआधी अ‍ॅशचे दांडे. जवळून बघितलं तर पृष्ठभागावर बारीक तपकिरी डॅश डॅश अशा रेषा दिसतात, ती छिद्रं असतात लाकडाची. म्हणून हिकरीची काठी १६०० सालची असूच शकत नाही, वरच्या सोळाव्या शतकवाल्याला हे पण ऐकवा.

शेंबी

काठीच्या टोकाला जी टोपी असते ती शेंबी, पितळेची, लोखंडाची, कधी शिंगाची. हिच्याकडे कोणी बघत नाही म्हणूनच ही खरं बोलते. काठी टेकत चालणारा माणूस ती कधीच सरळ उभी टेकवत नाही, थोडी तिरकी, त्यामुळे वर्षानुवर्षं वापरलेल्या शेंबीची एक कड जास्त झिजते, तळ तिरपा होतो. बोट फिरवलं की कळतं. नवीन माल जुना दाखवायचा असेल तर लोक पितळ काळं करतात, ओरखडे मारतात, पण सगळीकडून सारखेच, एका बाजूची झीज करायचं कोणाच्या डोक्यात येत नाही. निदान अजून तरी. हे लिहिल्यावर यायला लागेल बहुतेक.

आणि एक गोष्ट जी मला स्वतः उलटी धरून बघेपर्यंत सुचली नव्हती. खेळताना हाच भाग हातात येतो. म्हणजे ओल्या लिंक्सवरून अर्धा तास चालून आलात, शेंबी चिखलाने, वाळूने माखली आहे, आणि आता तीच मुठीत पकडून स्ट्रोक मारायचा. आणि हातात हातमोजे, तेही चर्चला घालून जायचे. संध्याकाळी घरी बायको हातमोज्यांचा तळवा बघत असेल तर वेषांतर तिथेच संपलं.

आता डोकं

काठी परत सरळ धरा, तळहात मुठीवर ठेवा. तुमचा तळहात टेकला आहे तो क्लबच्या तळावर, सोलवर, जो भाग खेळताना गवताला लागतो. म्हणजे एकाच जागी दोन प्रकारची झीज शोधायची. तळहाताने येणारी झीज मऊ असते, तेलकट चकाकी, कडा गोल झालेल्या, देवळाच्या उंबऱ्यावर लोकांचे हात लागून लागून येते तशी. आणि त्याच चकाकीत वाळूचे बारीक ओरखडे, एकाच दिशेचे, पुढून मागे. फक्त चकाकी असेल तर काठी चालायलाच वापरली. दोन्ही असेल तर मालक रविवारी गायब व्हायचा. माझ्याकडे एक आहे, (खरी, ती तीन तुकडेवाली नाही) तिच्या सोलवर उन्हात तिरपं धरलं तर असे सात-आठ ओरखडे दिसतात, आणि मी पाहुण्यांना चहाच्या आधी ते दाखवतो, बायको आत निघून जाते.

मग फेस बघा, बॉलला लागणारी सपाट बाजू. तिथे बारीक खळगे असतील तर छान. काही डोक्यांवर खालच्या कडेला शिंगाची पट्टी बसवलेली असते, मेंढ्याच्या शिंगाची, लाकडाच्या खुंट्यांनी, जुन्या लाकडी क्लबसारखीच, कड फुटू नये म्हणून. मागच्या बाजूला शिसं ओतलेलं असतं, वजनासाठी. हे शिसं म्हणजे मोठा पुरावा आहे. निव्वळ शोभेच्या काठीला मागे वजन द्यायची कोणाला गरज नाही, ती फक्त दिसायला पाहिजे. खेळायची असेल तरच डोकं जड लागतं, तुमच्या छत्रीच्या प्रयोगात कळलं असेल.

लाकूड बीच, सफरचंद, पेअर अशा झाडांचं असायचं आणि नंतर पर्सिमन. पर्सिमन म्हणजे आपल्या तेंदूच्या जातकुळीतलं, विदर्भात ज्याची पानं विड्यांना जातात त्याचा अमेरिकेतला भाऊ. लोखंडी डोक्याच्या पण संडे स्टिक असतात, छोट्या पटरसारख्या (पटर म्हणजे बॉल जमिनीवरून हळू ढकलायचा क्लब), पण हाताखाली त्या थंड आणि टोचऱ्या, मला विचाराल तर लाकडीच घ्या.

डोक्यावर बनवणाऱ्याचं नाव ठोकलेलं असेल तर किंमत वाढते, म्हणूनच नाव नंतर ठोकलेलं पण असतं. जुन्या ठशाच्या अक्षरांच्या कडा झिजून मऊ झालेल्या असतात आणि रोगण अक्षरांच्या आत गेलेलं असतं. नाव कोरं करकरीत आणि आजूबाजूचं लाकूड मात्र झिजलेलं, हे जमत नाही.

चांदी असेल तर

डोक्याखाली चांदीचा कॉलर असला तर लोक हुरळून जातात. ब्रिटिश चांदीवर हॉलमार्क असतात, छोटी भिंगाची काच घ्या. चालणारा सिंह म्हणजे इंग्लंडची स्टर्लिंग चांदी, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन, तीन बुरुजांचा किल्ला आणि सोबत काटेरी थिसलचं फूल म्हणजे एडिंबरा. शेजारी एक अक्षर असतं, ते दर वर्षी बदलायचं, त्याच्या तक्त्यावरून वर्ष निघतं. पण ते वर्ष चांदीचं, काठीचं नाही. कॉलर बदलता येतो. आणि पूर्ण डोकंच चांदीचं असेल तर ती भेट द्यायची, मिरवायची काठी, तिने कोणी बॉल मारला नसणार. हस्तिदंती मूठ दिसली तर हात पण लावू नका, ब्रिटनमध्ये २०२२ पासून हस्तिदंताच्या व्यापारावर जवळजवळ पूर्ण बंदी आहे आणि आपल्याकडे तर वन्यजीव कायदा आहेच, हौस म्हणून घ्यायला जाल आणि वकील शोधत बसाल.

आणायची कशी

परदेशातून स्वतः आणत असाल तर चेक-इन बॅगेत टाका, गुंडाळून. विमानात केबिनमध्ये गोल्फ क्लब चालत नाही, आधाराची काठी चालते, मग ही काय आहे? सिक्युरिटीच्या माणसाला सव्वाशे वर्षांपूर्वीचा स्कॉटिश रविवार समजावून सांगायची ती जागा नव्हे. आणि शंभर वर्षांच्या वरची वस्तू एकदा भारतात आली की पुन्हा बाहेर पाठवणं पुरावस्तू कायद्यामुळे कटकटीचं, तेव्हा नंतर विकेन लंडनला असा हिशोब करून घेऊ नका.

घरी सांभाळायची कशी

सगळ्यात आधी, पॉलिशपेपर घरातून बाहेर ठेवा. झीज हाच तर इतिहास आहे, तो घासून काढलात तर उरली काठी. स्पिरिटने पण पुसू नका, जुन्या काठ्यांवर बरेचदा लाखेचं रोगण असतं आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, माझ्या एका मित्राने कोविडच्या दिवसांत सॅनिटायझर लावला, दांड्यावर पांढरे चट्टे आले. कोरडं सुती फडकं, आणि वर्षातून एकदा मधमाशीचं मेण अगदी पातळ, चोळून. लाकूड फार सुकलं असेल तर आळशीच्या तेलाचा एक हात, जास्तीचं लगेच पुसून. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटतात, ही थाप नाही, पसरून वाळवा आणि मग टाका.

पावसाळ्यात कोकणात, मुंबईत बुरशी धरते, काठी भिंतीला टेकवून ठेवू नका, भिंत ओल देते आणि दांडा वाकतो पण. आडवी, दोन आधारांवर. बंद प्लायवूडच्या कपाटात पण नको, त्या लाकडातून जी वाफ निघते तिने शिशावर पांढरी पूड धरते, ती विषारी, पोरांचा हात लागू देऊ नका आणि स्वतः पण हाताळल्यावर हात धुवा. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि खाली पिठासारखी पूड दिसली तर भुंगा आहे, ताबडतोब वेगळी करा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा आणि घरातलं बाकी लाकूड तपासा. मी हे एकदा उशिरा केलं आणि काठी वाचली पण देव्हारा गेला. आईने अजून माफ केलेलं नाही.

खेळायचं का हिने

सगळे विचारतात. जोरात नाही. मान, म्हणजे डोकं जिथे दांड्याला बसतं तो सांधा, जुन्या सरसाचा असतो, आणि आजचा बॉल गटापर्चासारखा वागत नाही. गालिच्यावर पट करा, बागेत चार-पाच फुटांचा टक करा, पुरे. नाशिककरांना तर सोपंच, तिथलं जॉगिंगवाल्यांचं मोठं मैदान अजून गोल्फ क्लबच म्हणवतं, गोल्फ नाही पण सकाळी काठी टेकत फेऱ्या मारणारी आजोबा मंडळी भरपूर, त्यात तुम्ही मिसळून जाल.

आणि कधी स्कॉटलंडला जायचा योग आला तर सेंट अँड्र्यूजला मुद्दाम रविवारी जा. बाकीचे म्हणतील वेड लागलंय का, रविवारी ओल्ड कोर्स बंद असतो. हो, अजूनही बंदच असतो, मोठ्या स्पर्धा सोडल्या तर, १९८० पासून ओपन चॅम्पियनशिपचा शेवटचा दिवस रविवारी ठेवायला लागले तरी गावचा रविवार गावाकडेच राहिला. आता कारण चर्च नाही, गवताला सुट्टी हे कारण देतात, तिथला जुना मैदानप्रमुख टॉम मॉरिस असंच म्हणायचा म्हणे, की खेळणाऱ्यांना नको असेल पण लिंक्सला विश्रांती पाहिजे. त्या दिवशी जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध गोल्फ कोर्सवर फुकट फिरता येतं, स्विलकन पुलावर फोटो काढणाऱ्यांची रांग, लोक कुत्री घेऊन येतात, पोरं पतंग उडवतात. माझा भाचा तिकडे शिकायला आहे, त्याच्यासोबत मागच्या वर्षी गेलो होतो, अठराव्या ग्रीनच्या, म्हणजे शेवटच्या भोकाभोवतीच्या हिरवळीच्या, कडेने एक म्हातारबुवा काठी टेकत चालले होते, मी अर्धा तास त्यांच्या मागे मागे, नजर काठीच्या मुठीवर. शेवटी ते थांबले, वळले आणि काठी उचलून मला नीट दाखवली. मूठ बदकाच्या डोक्याची होती.